दारापाशी दोन पिशव्या

ईरा, नील, तुमच्या आजोबांना जाऊन काही आठवडे झाले. तळघरातल्या निवाऱ्यात रांगेने उतरायचा सराव शाळेत झाला, असं तुम्ही काल फोनवर हसत सांगितलंत, म्हणून आजच लिहायला बसले. आजोबा असते तर हसले नसते...

जन्मभर त्यांनी पुण्यात युरोपचा इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर आम्ही इथे जपानमध्ये फुनाबोरीला, तुमच्या आत्याकडे आलो. तुमच्या बाबांना फिनलंडमध्ये नोकरी मिळाली तेव्हा आग्रह आजोबांचाच होता. "जा. कुणाच्या गटात नसलेला देश आहे. भांडणाऱ्यांनाही बोलायला एक तिऱ्हाईत घर लागतं." पुढे तुमच्या शेजारच्या देशाने युद्ध पेटवलं आणि तुमचा देशही एका लष्करी गटात गेला. आजोबांचं जेवणातलं लक्ष उडालं. "मुलांना घेऊन इकडे ये," ते तुमच्या बाबांना फोनवर म्हणाले.

"बाबा, पहिल्या महायुद्धात बेल्जियम तटस्थच होता ना? तुम्हीच शिकवलंत. ऐकलं का त्याचं कुणी?"

"आणि एकामागून एक किती देश ओढले गेले, तेही शिकवलं होतं."

"मग तुमचं जपान कुठे एकटं आहे? तिथेही लष्करी करारच की!"

आजोबांनी फोन माझ्या हातात दिला. त्यानंतर दोघं माझ्यामार्फतच बोलायचे. कडू शब्द मी मधल्या मध्ये गाळायची. एकदा न राहवून मीही तुमच्या बाबांना म्हणाले, "अमेय, येच तू." तो म्हणाला, "आई, आता तूही त्यांच्या बाजूने?" मग माझेही फोन आटोपते झाले. घरात मधलं माणूसच उरलं नाही.

इथे भूकंपासाठी दारापाशी पिशवी भरून ठेवतात; पाणी, विजेरी, गरम पाण्यात भिजवायचा कोरडा भात. आजोबांनी आमच्या पिशव्यांशेजारी दोन छोट्या पिशव्या ठेवल्या. ईराची लाल, नीलची निळी. "बाबा, ते येणार नाहीयेत," आत्या म्हणाली. "येतील तेव्हा भरायला वेळ नसेल," ते म्हणाले. आत्याने हे तुमच्या बाबांना कळवलं. रुग्णालयात नेताना दारात थांबून त्यांनी मला विचारलं, "मुलांचं पाणी बदललंस?" नंतर त्यांना बोलता आलं नाही.

काल तुम्ही फोन दिल्यावर तुमचे बाबा हळूच म्हणाले, "आई, त्या पिशव्या... आहेत अजून?"

आहेत. दोन्ही दारापाशीच आहेत. पाणी मी बदललं आहे.