हरिबा मोर्चेवाल्याचा पोटशूळ

केजच्या एसटी स्टँडवर उतरून बोरपिंप्रीच्या हरिबाची चौकशी केली, तर माणूस आधी "कोणता हरिबा?" असं विचारायचा आणि मग "मोर्चेवाला व्हय!" म्हणून हसायचा. ते हसणं हरिबाला आवडायचं. उभ्या हयातीत त्यानं तेवढंच कमावलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात तो सोळा वर्षांचा होता. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायचा. तिथला मुकादम निम्म्या बायांची हजेरीच मांडत नव्हता. एक दिवस हरिबानं घमेलं उपडं घातलं, त्यावर बसला आणि म्हणाला, "समद्यांची नावं लिव्हल्याबिगर मी उठत न्हाई." बघता बघता त्याच्यामागं चाळीस माणसं बसली. दिवस मावळायच्या आत नावं लिहून झाली आणि बसल्यानंही काम होतं, हे हरिबाला उमगलं. मग तो जन्मभर बसतच राहिला. टँकरसाठी तहसीलपुढं बसला, रेशनच्या ज्वारीसाठी बसला, गावात एसटी यावी म्हणून भर रस्त्यात बसला. आठ दिवस जेलातही जाऊन आला. निवडणुकीला तीनदा उभा राहिला आणि तिन्ही वेळा आपटला. पण अर्ज कसा लिहावा, साहेबापुढं कसं उभं राहावं, हे शिकायला पंचक्रोशीतली माणसं त्याच्याच ओसरीवर यायची.

दगडाबाईही अशीच आली होती. गावातल्याच आसारामची बायको. दोन म्हशी, कोरडवाहू तुकडा आणि तोंडात तिखट जीभ. गावच्या दूध संस्थेत तिच्या दुधाला मुद्दाम कमी फॅट लावून भाव पाडत होते.

"काका, मला अर्ज लिव्हायचा हाय," ती म्हणाली होती.

"दोन प्रती काढ," हरिबानं सांगितलं. "एक साहेबाला द्यायची. दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची. पोच न्हाई तर अर्ज न्हाई, ध्यानात ठेव."

तिनं ध्यानात ठेवलं. महिन्याभरात फॅट सुधारलं. "माझी चेलीन हाय," असं हरिबा चारचौघांत सांगायचा. तोवर सगळं ठीक होतं.

दोन हजार तेराचा दुष्काळ आला. बोअरमधून नुसती हवा येऊ लागली, कडब्याच्या गंजी संपल्या. दूध संस्थेनं गावाबाहेर चारा छावणी उघडली आणि अठरा वर्षं चेअरमन असलेल्या सुंदररावांना देवाहून जास्त भाव आला. कुणाची म्हैस सावलीत बांधायची, कुणाची उन्हात, ओला ऊस कुणाला आणि उसाच्या शेंड्यांचं वाळलेलं वाढं कुणाला, हे सगळं त्यांच्या शब्दावर चालू लागलं. त्यातच संस्थेची निवडणूक लागली.

दगडाबाई ओसरीवर आली. "काका, आमी पॅनल उभं करतोय. तुमी आमच्यात या."

"येतो की," हरिबा खूश होऊन म्हणाला. "पॅनलचा म्होरक्या मीच ना?"

ती घुटमळली. "बाया म्हणत्यात, म्होरं तूच राहा. पर तुमी असलात तर लई बळ येईल."

हरिबानं पानाला चुना लावता लावता मान हलवली. "मला कुणाच्या मागं उभं राहता येत न्हाई. तुमचं चालू द्या."

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर वैद्याकडं औषध नव्हतं.

निवडणूक झाली आणि दगडाबाईचं पॅनल सहा मतांनी पडलं. सुंदररावांच्या माणसांनी गुलाल उधळला. हरिबा घरात बसून ते फटाके ऐकत होता. खरं सांगायचं तर त्याला गार वाटलं. आपण तीनदा पडलो, ही एकदा तरी पडली, एवढाच तो गारवा होता.

पण दगडाबाई रडत बसली नाही. तिनं अर्ज दिला, पोच घेतली आणि मतदान केलेल्यांची यादी मिळवली. यादीत अकरा माणसं अशी निघाली, जी कधीच वारली होती. त्यात तिचा सासरा होता. बिचारा हयातभर अंगठा उठवत गेला आणि मेल्यावर त्यानं झोकदार सही केली होती! हरिबाचा थोरला भाऊ आप्पारावही त्याच यादीत होता. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

दगडाबाई वीस-बावीस बायांना घेऊन केजला गेली आणि सहकार खात्याच्या कचेरीपुढं धरणं धरून बसली.

आता हरिबाचे हाल सुरू झाले. सकाळी जीपवाला हॉर्न वाजवायचा आणि विचारायचा, "काका, दगडाबाईच्या धरण्याला येता का?" चौथ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला, चांगला तळहाताएवढा. हरिबानं हॉटेलातला पेपर पुन्हा पुन्हा वाचला. एवढ्या वर्षांत त्याच्या मोर्च्याच्या बातम्या आल्या नव्हत्या असं नाही, पण त्याचं नाव शेवटाला यायचं, नाहीतर 'व इतर' यात जिरून जायचं. फोटो तर कधीच नाही. "बसायची रीतसुद्धा येत न्हाई हिला," तो हॉटेलवाल्याला म्हणाला. "बॅनर कसा बांधलाय बघ, वाकडा."

पण खरा घाव घरातच बसला. पाचव्या दिवशी बायनाबाईनं, त्याच्या बायकोनं, पहाटेच भाकरी थापल्या, पिठल्याचा डबा भरला आणि लुगड्याचा पदर खोचला.

"कुठं निघालीस?"

"केजला. दगडाबाईपाशी बसायला."

"मी जल्मभर बसलो, तवा तुझा पाय कधी उंबऱ्याभायेर पडला न्हाई. अन् आज तिच्यासाठी?"

बायनाबाई दारात थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. "इतक्या वरसांत तुमी कवा म्हणलात, चल म्हणून? ती बोलवाया आलती."

ती गेली. हरिबा उंबऱ्यावर तसाच बसून राहिला. त्या दिवशी त्यानं चूल पेटवली नाही.

दुसऱ्याच दिवशी सुंदरराव स्वतः त्याच्या घरी आले. अठरा वर्षांत हा माणूस या गल्लीत फिरकला नव्हता. बाजेवर टेकून त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली.

"हरिबा, आपलं पटलं न्हाई कधी, पर तू खरा कार्यकर्ता. ही बाई म्हंजे कालचं पोर. तुझ्या जिवावर शिकली अन् आता तुलाच इचारत न्हाई."

प्रत्येक शब्द हरिबाच्या आत गुळासारखा विरघळत होता.

"उद्या सकाळी छावणीवर बैठक हाय," सुंदरराव पुढं म्हणाले. "तू दोन शब्द बोल. निवडणूक झाली, आता धरणं सोडा, एवढंच. तुझं गाव ऐकतं."

तुझं गाव ऐकतं! हरिबा हो म्हणाला.

सकाळी छावणीच्या मांडवात दीड-दोनशे माणूस जमलं. आधी पेंडीचे दुकानदार ईश्वरप्पा उठले. भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "मला कोणत्याच पॅनलशी देणंघेणं न्हाई," ते कळवळून म्हणाले. "पर निकाल लागला ना? अर्ज, चौकशी, धरणं, या भानगडीत छावणी बंद पडली तर मुकी जनावरं मरतील. टाइम काय, आपण करतो काय? राजकारण पाऊस पडल्यावर करा की."

बऱ्याच माना हलल्या. मग सुंदररावांनी खूण केली आणि हरिबा उठला.

"दगडाबाईचं चुकलं," त्यानं सुरुवात केली. "जाणत्यांना इचारायला पायजे होतं. कुणाला इचारलं तिनं? घाई केली..."

"बराबर हाय!" सुंदररावांचा पुतण्या मागून ओरडला. "अन् मेलेल्याच्या मतानं असं कुणाचं काय बिघडलं रे? मेलेला काय चारा मागाया येतोय?"

लोक हसले. हरिबाही हसणार होता. पण त्याच्या डोळ्यांपुढं आप्पाराव उभा राहिला. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, नारायणगडाहून आणलेला प्रसाद उपरण्याच्या गाठीत. हरिबा जेलात होता तेव्हा त्याचंही रान नांगरणारा.

"थांब," हरिबा म्हणाला. "हसू नका. आप्पाराव माझा भाऊ. त्याला मी ह्या हातानं अग्नी दिला. जित्तेपणी त्यानं एकदाबी सुंदररावाला मत दिलं न्हाई. मेल्यावर कशापायी देईल?"

आता लोक हसले ते वेगळंच. सुंदररावांनी बसल्या जागी चुळबुळ केली.

"ईश्वरप्पा, तुमी मनाचं बोललात," हरिबाचा आवाज चढला. "पर मला सांगा, छावणीत कुणाची म्हैस सावलीला अन् कुणाची उन्हात, हे कोण ठरवतं? चेअरमन. चेअरमन कोण ठरवतं? मत. मग मत चोरलं म्हंजे वैरणच चोरली का न्हाई? पाऊस पडल्यावर राजकारण करा म्हणता. पाऊस पडल्यावर छावणीच नसती, मग भांडायचं कशापायी? बहात्तरलाबी मला हेच सांगितलं होतं. दुष्काळ हाय, मुकाट खडी फोड. तवा मुकाट राहिलो असतो, तर तुमच्यातल्या निम्म्यांच्या आयांची हजेरी लागली नसती. अन् न्याव बघा कसा. लबाडी करणारानं मांडवात खुर्चीवर बसायचं, अन् लबाडी दाखवणारीनं घरी जायचं? छावणी बंद पडंल म्हणून भ्या दाखवतो कोण? अर्जात छावणी बंद करा असं एक अक्षर न्हाई. मी तिला अर्ज लिव्हायला शिकवलंय, ती भलतं लिव्हणार न्हाई!"

मांडवात कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी उठून म्हणाली, "माझा मालकबी त्या यादीत हाय म्हणत्यात." मग आणखी एक उठला. शेवटी ईश्वरप्पा म्हणाले, "एवढं मला ठाव न्हवतं बघा."

बैठक मोडली. बाहेर पडताना माणसं बोलत होती, "दगडाबाई खरी वाघीण निघाली." हरिबाच्या कानांवर ते आलं. भाषण त्यानं केलं, घसा त्याचा बसला आणि वाघीण मात्र ती! पोटात पुन्हा जुनी कळ उठली. तरीही तो तसाच जीपमध्ये बसून केजला गेला.

धरण्यावरच्या बायांनी सरकून त्याला जागा दिली. "काका, म्होरं या," दगडाबाई म्हणाली. तो बायनाबाईच्या शेजारी, मागच्याच ओळीत बसला. "हितंच बरा हाय," म्हणाला. तरी तासाभरानं त्याच्यानं राहवलं नाही. उठला, बॅनरची दोरी सोडली आणि सरळ बांधून आला.

चौकशी लागली. अकरा घरांतली माणसं मृत्यूचे दाखले घेऊन कचेरीत गेली. हरिबानं आपल्या जबाबावर तीन ठिकाणी सही केली. ती निवडणूक रद्द झाली. मे महिन्यात पुन्हा मतदान झालं आणि दगडाबाईचं पॅनल एकेचाळीस मतांनी आलं. तिनं पहिल्याच दिवशी छावणीत चिठ्ठ्या टाकून सावलीच्या जागा वाटल्या. सुंदररावांच्या म्हशीला उन्हातली जागा आली, तर तिथं स्वतः उभं राहून तिनं पाचटाचं छप्पर घालून दिलं.

शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. दगडाबाईनं हरिबाला वर बोलावलं, वाकून पाया पडली आणि माईकवर म्हणाली, "मला बसायला ह्यांनी शिकवलं." टाळ्या वाजल्या. हरिबाचे डोळे भरून आले, हे खरं. तिच्या गळ्यातला हार गुलाबाचा आणि आपला झेंडूचा, हेही त्यानं त्याच ओल्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढं सात-आठ वर्षं तो तिच्याबरोबर दर मंगळवारी तालुक्याला जायचा. कचेरीच्या दारातून आधी आपणच आत शिरायचा आणि साहेबाला नमस्कारही पहिला त्याचाच. तिनं ते कधी मनावर घेतलं नाही. कुणी तिच्याबद्दल वाकडं बोललं, तर हरिबा काठी घेऊन उठायचा. कुणी फार चांगलं बोललं, तर मात्र सुपारी कातरत म्हणायचा, "हुशार हाय पोरगी, न्हाई कोण म्हणतंय? पर भाषण लई लांबवती."