रिळातला दुसरा फोटो

महिना होऊन गेला. नांदेडच्या घरी मी भाजी निवडत बसले होते, तेवढ्यात लातूरहून बसवराजचा फोन आला. "ताई, अप्पा गेले." मी पोचेपर्यंत त्याच्या वडिलांना मातीआड केलं होतं. शिवलिंगअप्पा फोटोग्राफर. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि पाय चालले तोवर दर रविवारी लातूरच्या आमच्या चर्चमध्ये हजर. ते का येत, हे मंडळीत फार थोड्यांना ठाऊक होतं. मला होतं...

माझे बाबा तिथले पाळक. मोठ्या दुष्काळाचं वर्ष होतं, मी अकरा वर्षांची. मंडळीतली निम्मी माणसं खडी फोडायला जात. परदेशातून दुधाची भुकटी पाठवणाऱ्यांना उपासनेचे फोटो हवे होते, म्हणून बाबांनी अप्पांना बोलावलं. अट एकच, प्रार्थनेत फोटो काढायचा नाही. अप्पा चपला बाहेर काढून आले, बाजूच्या दारापाशी उभे राहिले. फ्लॅश नाही, काही नाही. ढोलकी चढली, ध्रुपद जोरात सुरू झालं की तेवढ्यात खटका दाबायचे. कुणाला पत्ताही लागत नव्हता.

मग पावसासाठी प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांच्या माना खाली. बाबाही बोलता बोलता थांबले, आणि त्या शांततेत मला खटका ऐकू आला. मी वळून पाहिलं. भिंतीपाशी सरूबाई बसली होती, रेणापूरकडची, विशीतली. मांडीवर तापानं फणफणलेलं चार महिन्यांचं लेकरू. त्याच्या कपाळाला गाल लावून ती पुटपुटत होती आणि अप्पांचा कॅमेरा तिच्याकडे होता. उपासना संपताच मी बाबांना सांगून टाकलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

दोन दिवसांनी अप्पा फोटो घेऊन आले. बाबा म्हणाले, "ती बाई देवाशी बोलत होती, शिवलिंगअप्पा."

"चुकलं, पाळकसाहेब," अप्पा म्हणाले. त्यांनी आमच्याच घरची कात्री मागून घेतली, निगेटिव्हचा तेवढा तुकडा कापला, बारीक बारीक केला. फोटोही फाडला.

आठवड्याभरात ते लेकरू गेलं. फोटोंचा हिशेब करायला अप्पा ओसरीत आले असताना सरूबाई आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं. "अप्पा, माझ्या लेकराचा फटू निघाला व्हता म्हनं... तेवढा द्या की." अप्पांनी नुसते हात जोडले. बाबा जमिनीकडे बघत राहिले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन लपले.

तेव्हापासून अप्पा बोलावणं नसताना येऊ लागले. आयांच्या मांडीवरची लेकरं टिपायचे, ध्रुपदाची वाट बघून. पुढच्या रविवारी पाकीट त्या आईच्या हातात. पुढं लातूर जिल्हा झाला. सत्कार, उद्घाटनं, मंत्री... अप्पांना आठवडाभर दम नसायचा, पण रविवार त्यांनी सोडला नाही. "प्रार्थनेतही काढा आता," बाबा एकदा म्हणाले. अप्पांनी मान हलवली. प्रार्थना सुरू झाली की ते गळ्यातला कॅमेरा काढून खाली ठेवत.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी धीर केला. "अप्पा, बाबांना मीच सांगितलं होतं."

"ठाऊक हाय की." ते हसले. "रीळ पुढं सरकवलं, तेवढ्यात तू वळलीस, अन् दुसऱ्यांदा बोट दाबलं गेलं. तुझा फोटो हाय त्यात. डोळे टक्क उघडे." थोडा वेळ ते धापा टाकत राहिले. "शरमेनं ते रीळ मी पुढं धा वर्षं परत बघितलंच न्हाई. जिल्हा झाला, दुकान हलवलं, तवा हाती लागलं. तुझ्या बाजूला, पार कडेला, लेकराचं पाऊल आलंय. तेवढंच मोठं करून रेणापूरला नेऊन दिलं."

गेल्या रविवारी मी लातूरला उपासनेला गेले. सरूबाई आली होती, पार थकलेली. उपासनेनंतर मी तिच्याशेजारी जाऊन बसले, अप्पांचा विषय काढला. तिनं पवित्र शास्त्रातून एक पिवळा पडलेला फोटो काढून माझ्या हातात दिला. इवलंसं पाऊल, बोटं फाकलेली.

"लई पाय झाडायचं," ती म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं, माझ्या चुगलीसकट. तिनं फोटो माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला, पुस्तकात ठेवला. उठताना मात्र आधाराला तिनं माझाच खांदा धरला.