ठोकळा जाणार नाही

आम्ही तिला मेणबाई म्हणतो. कॅन्सरच्या इस्पितळात, तळमजल्यावरच्या तपासणीच्या खोलीत बावीस वर्षं ती एकच काम करतेय. पेशंटच्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठोकळा करायचा, बर्फावर गार करायचा आणि केसाहून पातळ काप काढायचे. ती कापते, मी रंगवते, डॉक्टर बघतात. तोंड म्हणाल तर पात्यापेक्षा धारदार. मला निम्मं काम तिची बोलणी खाऊनच आलंय.

परदेशातल्या एका संस्थेशी आमचा करार झाला. त्यांनी यंत्रं दिली, शिकवलं. खोटं कशाला बोलू, चांगलं शिकवलं. बदल्यात अभ्यासाला ठोकळे जायचे. पहिल्या खेपेत एका बसड्रायव्हरचा ठोकळा गेला. सहा महिन्यांनी, त्याला कुठलं औषध लागू पडेल ते बघायला तोच हवा होता, आणि तो समुद्रापार! पुन्हा तुकडा काढण्याइतकं त्राण बिचाऱ्यात उरलं नव्हतं. औषध ठरायच्या आधीच माणूस गेला. त्या दिवशी मेणबाई जेवली नाही.

दुसऱ्या खेपेच्या यादीत एक शिवणकाम करणारी बाई होती. तिचा तुकडा तांदळाएवढा, आणि औषधाची तपासणी अजून व्हायचीच होती.

"एकही ठोकळा जाणार नाही," मेणबाई म्हणाली. "काप न्या."

"अहो, करारात ठोकळे लिहिलेत," मोठे डॉक्टर म्हणाले. "उद्या त्या संस्थेच्या पाहुण्या येतायत. माझी शोभा करू नका."

दुसऱ्या दिवशी पाहुण्या डॉक्टरीणबाई आल्या. मेणबाईने ठोकळ्यांच्या कपाटाला कुलूप ठोकलं, किल्ली मुठीत धरली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत थेट त्यांनाच विचारलं, "तुमच्याकडे पेशंटचा ठोकळा असा कायमचा बाहेर देतात?" मोठे डॉक्टर डोळे वटारत होते.

पाहुण्या गोंधळल्या. "नाही. आम्ही कापच मागितले होते. ठोकळे देतो असं तुमच्याकडूनच कळवलं होतं."

अगं आई गं! म्हणजे पाहुणे खूश व्हावेत म्हणून आमच्याच साहेबांनी न मागता देऊन टाकले होते! मला असा संताप आला, की रंगाची बाटली आपटलीच मी टेबलावर.

काप गेले. जुने ठोकळे परत आले, ड्रायव्हरचाही. मेणबाईला मात्र मेमो मिळाला, वरिष्ठांचा अवमान केला म्हणून. तिने तो गरम मेणाने कपाटाच्या दारावर चिकटवला, साहेबांना येता-जाता दिसेल असा.

"ताई, माफी मागून टाका ना," मी म्हटलं.

"माझी बला मागते! आधी त्यांनी ड्रायव्हरच्या बायकोची मागावी."

गेल्या आठवड्यात शिवणवाली धापा टाकत खाली आली. तपासणी झाली होती, औषध लागू पडणार होतं. "माझं काही उरलंय का हो?"

मेणबाईने मेमोचं दार उघडून ठोकळा तिच्या तळहातावर ठेवला. "हा तुझा. पुन्हा लागला तर इथेच सापडेल."

"आणि शेजारचा हा कुणाचा?"

"त्याला घरी यायला उशीर झाला," मेणबाई म्हणाली, आणि दार धाडकन लावलं. मेमो जागचा हलला नाही.