घोंगडी पांघरलेलं मशीन

माझा स्वभाव तापट आहे. हे कौतुकानं सांगत नाही. त्यापायी जे झालं ते सांगायचं आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

हुलसूरमध्ये माझं फोटोचं आणि लग्नाच्या व्हिडिओचं दुकान आहे, रस्त्याला लागून, वर पत्रे. आमचं घराणं मेंढरांमागं फिरलेलं. गुडघे साथ देईनात तेव्हा माझ्या वडिलांनी, अप्पांनी, उरलेली मेंढरं भावकीत देऊन टाकली आणि घरात बसून राहिले. बसून बसून माणूस खंगायला लागला, तेव्हा मी त्यांच्या हातात दुकानाची किल्ली दिली. सकाळी सातला दुकान उघडायचं, झाडायचं, उदबत्ती लावायची आणि कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, एवढंच काम. मी दहाला जायचो तेव्हा मशीन तयार असायचं. अप्पांना त्या बटणाचा भारी अभिमान. हॉटेलात चहा पिताना कुणी विचारलं की म्हणायचे, "दुकान मीच चालू करतो, पोरगं मागनं येतंय."

एका पावसाळ्यात मी शहाणपणा केला. एका लग्नाचा व्हिडिओ तयार करायला मशीनला तासन् तास लागायचे. मोबाईलवर बघून बघून मी प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदूच म्हणा, कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला लागलो. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. दिवाळीपर्यंत सगळं झकास चाललं. असं मशीन तालुक्यात कुणाकडं नाही, हे मी ज्याला त्याला ऐकवत होतो.

मग थंडी पडली आणि रोज सकाळी अप्पांचा फोन यायला लागला. "चालू व्हईना गेलंय रे. पंखा फिरायलाय, पडदा काळाच हाय." मी चहा पीत सांगायचो, बंद करा आणि परत दाबा. दहाला मी जाऊन बटण दाबलं की मशीन पहिल्या दाबात सुरू. एकदा नाही, रोज. मग दोष कुणाचा? मी अप्पांचा ठरवून मोकळा झालो. बटण फार वेळ दाबून धरत असतील, नाहीतर घाईनं दोनदा दाबत असतील.

"एकदाच दाबलो," ते म्हणायचे. "थंडीनं आखडलंय ते. कोकरू आखडतंय की, तसं."

मी हसून सोडून दिलं. लोखंडाला कसली थंडी वाजते?

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी मी दुकानात लवकर गेलो. संतपूरहून एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचं ठरवायला आले होते, घरच्या तिघाचौघांना घेऊन. मशीन सुरू होतं आणि त्याच्यावर अप्पांची काळी घोंगडी घातलेली होती. आदल्या संध्याकाळी मशीन गरम असतानाच त्यांनी ती त्याला पांघरवली होती. सकाळी कितीतरी दिवसांनी ते लगेच सुरू झालं, तेवढ्यात पाहुणे आले आणि त्या आनंदात घोंगडी काढायची राहून गेली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा दिसली ती फक्त हवेची झाकलेली जाळी. मी घोंगडी ओढून फेकली आणि ओरडलो, "मेंढरू हाय का हे? कळत न्हाई तर हात कामून लावायलात?"

अप्पांनी घोंगडी उचलली, झटकली, घडी घातली. किल्ली टेबलावर ठेवली. पाहुण्यांना "बसा" म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी येळवस. दुकान बंद, सगळं गाव शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, अंबिल आणि भज्जी झाली. अप्पांनी आल्यागेल्याला आग्रह करून वाढलं. माझ्या ताटातही वाढलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. मला जेवण गेलं नाही.

त्याच्या दुसऱ्या सकाळी सातला मीच दुकान उघडलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. बंद केलं, परत दाबलं. सात-आठदा तेच. पत्र्यावर ऊन आलं, साडेनऊ झाले, आणि मशीन निमूट सुरू झालं. मी स्टुलावर बसून राहिलो. रोज सकाळी अप्पा दाबून दाबून त्या मशीनला कोमट करून ठेवत होते, वर ऊन मदतीला येत होतं, आणि दहाला मी आयत्या बिळावर नागोबा होऊन येत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारा मीच होतो. फार लाज वाटली.

तरी मी लगेच त्यांच्याकडं गेलो नाही. आधी खात्री करावी म्हटलं. खरं तर तोंड दाखवायचा धीर नव्हता. हा बिघाड मोठा हट्टी. मशीन रात्रभर गार झाल्याशिवाय तो दिसतच नाही, म्हणून दिवसाला एकच परीक्षा. एका सकाळी आतली छोटी बॅटरी बदलून बघितली. दुसऱ्या सकाळी वीज पुरवणारा डबा उसना आणून लावला. मग रॅमच्या पट्ट्या काढून, पुसून, एकेक करून बसवल्या. पडदा काळाच. ज्या वेगावर मी मिरवत होतो त्याला मात्र हात लावत नव्हतो. शेवटी नवव्या सकाळी वेग कंपनीचा होता तेवढाच करून ठेवला. दहाव्या सकाळी बटण दाबलं आणि पडदा उजळला. गरम असताना निभत होता तो माझा वाढीव वेग थंडीत मशीनला झेपत नव्हता. अप्पांनी तेच तर सांगितलं होतं.

संध्याकाळी घरी जाऊन मी माफी मागितली. ओरडलो होतो चार लोकांसमोर. माफी मागितली दार लोटून, दोघंच असताना. हे मला आजही डाचतं.

"मशीनचं कुणालाबी कळंना," ते म्हणाले. "तू कामून मनाला लावून घ्यायलास?" आणि किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला. मला वाटलं, परत बंद पडलं की काय.

"उघडलोय. झाडलोय," अप्पा म्हणाले. "दाबू का?"

आधी त्यांनी ते बटण कधी विचारून दाबलं नव्हतं. मी म्हटलं, दाबा की अप्पा, विचारायचं कशाला. ते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत फोन, परत "दाबू का?" याला आता दोन हिवाळे झाले. विचारू नका म्हणून मी हात जोडले, एकदा चिडलोही. ते "बरं" म्हणतात आणि सकाळी विचारतात.

मागच्या महिन्यात माझा फोन बिघडला होता. दहाला दुकानात गेलो. सगळं झाडलेलं, उदबत्ती जळून संपलेली, आणि अप्पा बंद मशीनसमोर स्टुलावर, हात मांडीवर ठेवून बसलेले.

"फोन लागंना," ते म्हणाले. "मग न्हाई दाबलो."