पेट्रोल की प्लग-इन हायब्रीड: आटपाडीच्या गल्लीत लागलेला निकाल

आमची डिझेल गाडी बारा वर्षांची झाली. ती सुरू केली की साताऱ्यातल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला कळतं, ही मंडळी कुठंतरी निघाली. एसी आहे असं कागदावर आहे. तेव्हा यंदा नवी गाडी घ्यायचीच असं ठरलं, उंच बसायची घ्यायची हेही ठरलं, आणि मग गाडं अडलं: साधी पेट्रोल एसयूव्ही, की प्लग-इन हायब्रीड? म्हणजे घरी चार्जही होते, बॅटरीवर साठेक किलोमीटर जाते, आणि ती संपली की पेट्रोलवर धावते.

उंच गाडी हवी होती ती आबांसाठी. माझे वडील लष्करातून निवृत्त झालेत आणि आटपाडीत एकटेच राहतात. खाली वाकून बसणं त्यांच्या गुडघ्यांना आता झेपत नाही, आणि त्या गुडघ्यांसाठीच त्यांना मिरजेला दवाखान्यात न्यायचं होतं. साताऱ्याला या म्हणून वैशाली, म्हणजे माझी बायको, चार वर्षं मागे लागली आहे. आबांचं उत्तर ठरलेलं: हातपाय आणि डोळे शाबूत आहेत तोवर आटपाडी सोडणार नाही. जाणार ते स्वतःच्या पायांनी, नाहीतर चौघांच्या खांद्यावरून.

मी कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. त्यामुळं तक्ता केला. किंमत, मायलेज, डिकी, सर्व्हिस, चार्जिंग, सगळं. पेट्रोल गाडी साताऱ्यात चालवून झाली होती. हायब्रीड चालवायला वैशालीच्या भावानं, सचिननं बोलावलं. तो बेदाण्याचा व्यापारी, राहतो सांगलीत विश्रामबागला, आणि वर्षभरापूर्वी त्यानं हीच गाडी घेतलेली. "दोन दिवस न्या, मन भरंस्तोवर फिरवा," म्हणाला.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्यांसाठी: टोल एकच, तासवड्याचा. कराडजवळ कामांमुळं वळणं आहेत, अर्धा तास जादा धरा. मिसळ कराड ओलांडायच्या आत खाऊन घ्या. दोन मिसळी आणि दोन चहा, दोनशे चाळीस. पेठ नाक्यावरून आष्ट्याकडं वळलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि पुढं ट्रॅक्टर. इथं हॉर्न वाजवून उपयोग नसतो, कारण पुढच्याच्या ट्रॅक्टरवर गाणी चालू असतात.

पहिला धक्का विश्रामबागलाच बसला. सचिननं डिकी उघडली, तर चार्जिंगची केबल कंपनीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेली. वर्षभर. मला वाटलं ही दुसरी असेल. सचिन शांतपणे म्हणाला, "फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. खाली प्लग मागितला तर सेक्रेटरी म्हणतोय मीटर कॉमन हाय. मग काय, पेट्रोलवर पळतीया की." म्हणजे पेट्रोल गाडीपेक्षा कितीतरी लाख जास्त मोजून हा गृहस्थ पेट्रोल गाडीच चालवत होता, वर बॅटरीचं ओझं वाहत. मी तक्त्यात "चार्जिंग" या रकान्याखाली दोनदा रेघ ओढली.

आमची डिझेल तिथंच ठेवली आणि हायब्रीड घेऊन तासगावला, सचिनच्या बेदाण्याच्या गोदामावर आलो. तिथं पंधरा अँपियरचा प्लग होता. हंगाम असल्यानं शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती, हवेत गोडसर आंबूस वास, आणि बायका सुपासारख्या चाळण्या हलवत बसलेल्या. चार तासांत बॅटरी निम्म्याहून जास्त भरली. तेवढ्यात भाकरी, वांगं आणि मूठमूठ बेदाणे आमच्यात भरले गेले. सचिननं कानमंत्र दिला: हायवेला बॅटरी राखून ठेवायचं बटण दाबा, गावात शिरलं की बॅटरीवर घ्या.

भिवघाटमार्गे आटपाडी. हिरवं मागं पडतं, माळ सुरू होतो, पवनचक्क्या दिसू लागतात. गाडी मस्त चालली, हे कबूल करतो. आटपाडी आली आणि मला हुक्की आली: आबांना चकित करू. आमचं डिझेल कोपऱ्यावर वळलं की आबा फाटकात येऊन हात वर करतात, एकदाही चुकलेलं नाही. आज त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. मी बॅटरीचं बटण दाबलं. गाडी गल्लीत अशी शिरली की ओट्यावरचं मांजरसुद्धा उठलं नाही.

आबा समोरूनच येत होते, डेअरीतून, हातात दुधाची किटली. मी गाडी थांबवली आणि काचेतून हात हलवला. वैशालीनंही हलवला. आबा सरळ चालत राहिले. आमच्याकडं बघत. मला वाटलं, गंमत करतायत, लष्करी गंमत. दहा पावलं, पाच पावलं. आणि आबा येऊन बॉनेटवर आदळले.

किटली पडली. दूध बॉनेटवरून खाली गळायला लागलं. आबांनी दोन्ही हातांनी पत्रा चाचपला आणि माझ्या तोंडाकडं बघून दरडावलं, "कोन हाय रं? गाडी आडवी कुनी लावली?"

मी त्यांच्यापासून चार फुटांवर होतो. आमच्यामध्ये फक्त एक काच होती. खोटं कशाला सांगू, काही क्षण मला दार उघडायचंच सुचलं नाही. वैशाली आधी उतरली. तिचा आवाज ऐकताच आबांनी चेहरा सावरला आणि म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं. ऊन त्यांच्या पाठीला होतं.

शेजारच्या सुनंदाकाकू फडकं घेऊन धावत आल्या. आबा आत गेल्यावर मी त्यांना हळूच विचारलं, हे कधीपासून?

"आवं, समद्या गल्लीला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "तुमालाच म्हाईत न्हवतं व्हय?"

घरात गेलो आणि मला एकेक गोष्ट दिसायला लागली. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत बांधलेली दोरी. मी ती दर महिन्याला बघत होतो आणि कपडे वाळत घालायची समजत होतो. मिठाच्या बरणीला रबर, साखरेच्या बरणीला नाही. मी याच घरात दर महिन्याला दोन तास बसून चहा प्यायलो होतो. माझ्यासारखा क्वालिटीवाला कुणाला मिळू नये. आणि फाटकातला तो हात? तो आमच्या खटारा डिझेलच्या आवाजाला वर होत होता. त्या आवाजावर आबांनी मला दीडेक वर्ष झुलवलं होतं.

रविवारी मिरजेला गेलो, पण गुडघे राहिले बाजूला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. वाटेत आबा पुढच्या सीटवर, काच खाली केलेली. पहिला टप्पा बॅटरीवर होता. मग आबाच म्हणाले, "पवनचक्की आली न्हवं? फिरतीया." पुढं पूल आला तो सांगितला, पत्र्याच्या शेडवरून येणारा वारा सांगितला. या गाडीत बाहेरचं सगळं ऐकू येतं, म्हणाले, लय झ्याक गाडी हाय. मग मला विचारलं, "दाढी अजून हाय न्हवं? मागल्याच्या मागल्या दिवाळीला राखली हुतीस. त्ये शेवटचं नीट बघितलं बग."

दाढी मी त्या दिवाळीनंतर आठवड्यातच काढली होती.

"न्हाई आबा. काढली."

"बरं केलंस. शोभत न्हवती."

मागच्या सीटवर वैशाली रडत होती. मी रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिलो.

काचबिंदू. डावा डोळा गेलेला, उजव्यात थोडा उजेड शिल्लक. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. उरलेली राखायची तर रोज दोनदा थेंब आणि महिन्याला तपासणी. आबांनी ते एखादा हुकूम ऐकावा तसं ऐकून घेतलं. मीच बाहेर येऊन बाकावर बसलो. मग जे बोलायचं होतं ते बोललो: आबा, तुमच्या तोंडचीच अट होती, डोळे शाबूत आहेत तोवर. आता साताऱ्याला चला. वैशालीनंही हात धरला.

आबा चिडले नाहीत. "साताऱ्यात मला काय म्हाईत हाय रं? हितनं दार, तितनं जिना, समदं नव्यानं. आटपाडीत पावलं मोजलेली हायत. डेअरीपत्तोर दोनशे बारा. तुमच्यात मी आंधळा व्हईन. तिथं अजून न्हाई."

थेंब घालायचं सुनंदाकाकूंनी फोनवर कबूल केलं, आणि तपासणीला दर महिन्याला मीच न्यायचं ठरलं. परतताना भीतभीत विचारलं, मग हीच गाडी घेऊ का, तुम्हाला आवडली आहे तर. आबांनी थोडा विचार केला.

"आत मी महिन्यातनं एकदा बसनार. बाहीर रोज हाय, आनि बाहीर मला आवाजच दिसतोय."

सोमवारी सचिनची गाडी परत केली, आपल्या खटाऱ्यात बसलो आणि साताऱ्याला आलो. तुमच्यापैकी ज्यांना नुसता सल्ला हवा होता त्यांच्यासाठी: रोजची धाव पन्नास किलोमीटरच्या आत असेल आणि पार्किंगमध्ये हक्काचा प्लग असेल तर प्लग-इन जरूर घ्या. प्लग नसेल तर घेऊ नका, तुमचा सचिन होईल. आणि घेतलीत तर गल्लीत शिरताना बॅटरीचं बटण दाबून शहाणपणा करू नका. धक्का मात्र अजून ओसरलेला नाही. जेवताना मध्येच घास हातात राहतो, आणि बॉनेटपलीकडून माझ्याकडंच बघणारे ते डोळे आठवतात.

काल शोरूमला गेलो. पेट्रोलवाली, म्हणालो. विकणाऱ्या तरुणानं हायब्रीडचे गुण परत सांगायला सुरुवात केली. मी त्याला गाडी सुरू करायला सांगितली, आबांना फोन लावला आणि फोन बॉनेटपाशी धरला. तो माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघायला लागला.

"बंद करून परत चालू कर," आबा म्हणाले. केली. "जरा रेस दे." दिली. "लय दबकी हाय रं ही. आनखी एकदा." तिसऱ्यांदा केली. फोन कट झाला असं वाटलं.

"हां," आबा म्हणाले. "झाली पाठ."

तेवढ्यात तरुणानं फॉर्म पुढं केला आणि विचारलं, रंग कोणता लिहू? ते आबांना ऐकू गेलं.

"रंग सूनबाईला इचार," ते म्हणाले. "आवाज माझा झाला."