प्रत कुणाकुणाला

प्रल्हाद साटमच्या गाडीतून मी सहा वर्षं अजमानहून दुबईला ऑफिसला गेलो. इतका सरळ माणूस मला सहन होत नाही. तरी दुसरी गाडी काही मी शोधली नाही.

तो एका बांधकाम कंपनीत कागदपत्रं सांभाळायचा. प्रत्येक नकाशाची प्रत कुणाकुणाला जायची, याची यादी असते. यादीतलं एक नाव जरी राहिलं, तर साहेब समोर उभा असला तरी हा कागद पुढे सोडायचा नाही. कन्सल्टंटकडून नकाशे शेरा, म्हणजे कोड, घेऊन परत यायचे: 'ए' म्हणजे मंजूर, 'सी' म्हणजे नामंजूर, बदलून पुन्हा आणा. ते शेरे हा वहीत नोंदवायचा. त्याची स्वतःची तीनदा बदली झाली, एकदाही न विचारता. बदलीचा मेमो वाचून म्हणायचा, "खलास. यल्ला, चला, बॅग भरू." मला त्याची चीड यायची.

२००२ साली त्याच्या ईराला, दहावीतल्या मुलीला, शाळेच्या नकली संयुक्त राष्ट्रसंघात, जिथं एकेका पोरानं एकेका देशाच्या वतीनं बोलायचं असतं, लिथुआनिया मिळाला. अमेरिका, रशिया इतर पोरांनी आधीच पळवले होते. तिचं भाषण टाइप करायला बाप बसला. परराष्ट्र धोरणाची उद्दिष्टं तीन: नाटोत शिरायचं, युरोपियन युनियनमध्ये शिरायचं, शेजाऱ्यांशी नीट राहायचं.

"एवढ्याशा देशाला इतक्या मेंबरशिप कशाला गं?" त्यानं विचारलं.

"बाबा, १९३९ मध्ये टू बिग कंट्रीज सीक्रेटली डिसायडेड देअर फ्यूचर. नोबडी आस्क्ड देम. आता त्यांना प्रत्येक टेबलवर चेअर हवीय."

प्रल्हादची बोटं थांबली. आदल्याच आठवड्यात त्यानं आणि कुंदावहिनींनी बेडरूमचं दार लावून ठरवलं होतं, अकरावीला ईरा पुण्याला, आत्याकडे. कॉलेजचा फॉर्म भरून तयार होता आणि ईराला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये त्यानं मला हे सांगितलं. "यादीत तिचंच नाव राहिलं रे," म्हणाला. एरवी मी त्याची टर उडवली असती. त्या दिवशी मला त्याचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळी त्यानं फॉर्मची झेरॉक्स ईरासमोर ठेवली.

"अहो, आता कशाला? ठरलंय ना आपलं!" कुंदावहिनी म्हणाल्या.

ईरानं कागद दोनदा वाचला. ती रडली नाही, हेच वहिनींना जास्त लागलं.

"बाबा, कॅन आय गिव्ह अ कोड?"

त्यानं खिशातलं लाल पेन दिलं. तिनं कोपऱ्यात मोठ्ठा 'सी' काढला.

सकाळी गाडीत त्यानं तो कागद मला दाखवला. फॉर्म काही पोस्टात पडणार नव्हता.

"वहीत नोंदवलास का?" मी विचारलं.

"नोंदवला," तो म्हणाला. "अठरा वर्षं लोकांचे 'सी' लिहितोय. माझ्या मेमोवर एकदा तरी लिहून बघायचा होता रे."