काकूंची जीभ

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंच्या जिभेसारखी जीभ अख्ख्या पुण्यात दुसरी नसेल. मंडईत सुक्या मिरचीचा तुकडा चावून त्या शांतपणे म्हणायच्या, "ही गेल्या वर्षीची. नवी दाखवा," आणि विक्रेता मुकाट्याने दुसरं पोतं उघडायचा. वारज्यातल्या आमच्या इमारतीत त्यांनी चाखल्याशिवाय कोणाचंही लोणचं किंवा मसाला बरणीत जात नसे. एकदा माझ्या बायकोच्या काळ्या मसाल्याची चिमूट जिभेवर ठेवून त्यांनी विचारलं, "धने भाजताना फोन आला होता का?" आला होता.

यंदा त्यांच्या मनगटांवर जांभळट, खाजरं पुरळ उठलं. मी त्यांना स्कूटरवरून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी मनगटं पाहिली आणि म्हणाल्या, "आता आ करा."

"पुरळ हातावर आहे. तोंड उत्तम चालतंय," काकू म्हणाल्या.

"ते ऐकतेय मी. तरी आ करा."

गालांच्या आत पांढरी जाळी विणल्यासारखी दिसत होती आणि जिभेची कड सोलवटली होती. हातावरचं आणि तोंडातलं दुखणं एकच, त्याला लायकेन प्लॅनस म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. कोणाला लागण होणार नव्हती, पण तिखट बंद. किती दिवस झोंबतंय, असं विचारल्यावर काकू खाली बघत म्हणाल्या, "दीड महिना."

मी थक्क झालो. त्या दीड महिन्यात त्यांनी अर्ध्या इमारतीची लोणची चाखली होती, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

"सांगितलं का नाहीत?" जिना उतरताना मी विचारलं.

"लोक बरण्या घेऊन येतात. त्यांना काय, तोंड आलंय म्हणून परत पाठवू?"

आठवड्याभरात मला बोलावणं आलं. त्यांनी मला खिडकीसमोर, उजेडात बसवलं आणि कोणाच्या तरी लोणच्याची फोड खायला दिली. स्वतः माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. "गिळायच्या आधी थबकलात. मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. खरंच कमी होतं. तेव्हापासून खातो मी आणि चव कळते त्यांना. अजून एकदाही चुकलेल्या नाहीत. माझ्या चेहऱ्याचा आजवर कोणाला एवढा उपयोग झाला नव्हता, असं बायको म्हणते.

हातांवरचे डाग आता फिकटलेत. तोंड मात्र अजून निवळलेलं नाही. परवा मी ठेच्याचा घास घेतला आणि बरोबर जमलाय म्हणालो. काकूंनी हातातली दहीभाताची वाटी खाली ठेवली.

"जमलाय ते दिसतंय मला. लागतोय कसा, ते सांगा."

मी सांगू लागलो. आधी भाजलेल्या लसणाचा खमंगपणा, मग शेंगदाण्याची किंचित गोडी, आणि मागून सावकाश कानापर्यंत चढत जाणारं तिखट. काकू डोळे मिटून ऐकत राहिल्या.